मध स्वस्त, मेण महाग

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामाच्या घरी माळ्यावर एक जुना लाकडी पेटारा आहे. माटोळीचे (गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या चौकटीचे) दोर आणि एक तुटकी समई सोडली तर आत काही नसतं. यंदा संक्रांतीनंतर त्याच्या कुलपाच्या भोकातून मधमाश्यांची ये-जा सुरू झाली. शिगम्याला मी गेले तेव्हा मामा त्यांना मधपेटीत हलवायच्या तयारीत होता. नारळाच्या सोडणाचा थोडा धूर दिला, झाकण उचललं, तर आत सहा पोळी लटकलेली. (पोळ्याचं अनेकवचन पोळीच होतं, त्याला माझा इलाज नाही.) कडेचं पोळं पांढरंशुभ्र, उजेड आरपार जाईल इतकं पातळ. मधली मात्र चहाच्या रंगाची. मी पांढऱ्याकडे बोट नेलं तसा मामा म्हणाला, "हात लावू नकोस गो, घाम आहे तो त्यांचा."

मला वाटलं, कौतुकाने म्हणतोय. पण घाम हा शब्द त्याने अगदी मोजून वापरला होता.

मध माशी बाहेरून आणते, म्हणजे त्याचा कच्चा माल तरी आणते. पराग बाहेरून येतो, पाणी बाहेरून येतं. मेण जगात कुठेही आयतं मिळत नाही. ते कामकरी माशीच्या अंगातून निघतं. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात, आणि वयाच्या साधारण बाराव्या ते अठराव्या दिवसात त्या जोरात चालतात. तोवर ती अळ्यांची दाई असते, पुढे बाहेरच्या कामाला लागते; मधले हे काही दिवस गवंडीकामाचे. पातळ मेण बाहेर झिरपतं, हवा लागताच गोठतं आणि पोटाच्या वळ्यांखालून एक चकती डोकावू लागते. मासे साफ करताना तारल्याचा खवला बोटाला चिकटतो ना, तशीच पारदर्शक, फक्त त्याहून बारीक. वजन सुमारे एक मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम मेणाला हजारेक खवले आणि एक किलोला दहा लाखांच्या घरात.

हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. अठराव्या शतकात युरोपातल्या पुष्कळ विद्वानांची समजूत होती की माशीच्या पायांना चिकटलेला पराग म्हणजेच कच्चं मेण. ती खोडून काढली फ्रान्स्वा ह्युबर या स्विस निरीक्षकाने, आणि तो आंधळा होता. डोळे त्याच्या मदतनीसाचे, फ्रान्स्वा ब्युर्नांचे, प्रश्न ह्युबरचे. त्यांनी काही माश्या कोंडून त्यांना नुसता मध किंवा साखरेचं पाणी दिलं, तर त्यांनी पोळं बांधलं. दुसऱ्यांना पराग दिला, मध नाही. तिथे मेणाचा पत्ता नाही. साखरेपासून मेण होतं, हे इतक्या साध्या कोंडाकोंडीतून सिद्ध झालं.

साखर लागते म्हणजे खर्च आला. एक किलो मेण घडवायला माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा अंदाज मधपाळ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. आकडा ऋतूप्रमाणे आणि वसाहतीप्रमाणे हलतो, पण प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आपल्याला बाजारात मध महाग वाटतो. माशीच्या वहीत मध स्वस्त आणि मेण महाग. घराचा चिरा खाणीतून न आणता आपण रोज जेवून स्वतःच्या अंगातून काढत असतो, तर गोव्यात इतके ऐसपैस बाल्कांव (दारापुढच्या बसायच्या ओसऱ्या) झाले असते का? पोळ्यातली जवळजवळ प्रत्येक करामत या एका हिशेबातून निघते.

आधी तो सुप्रसिद्ध षटकोन. घरातल्या एकाच मापाच्या सात बांगड्या घ्या. एक मधे ठेवा, बाकीच्या तिला खेटून भोवती लावा. बरोबर सहा मावतात, ना पाच ना सात. पण बांगड्यांच्या मधे तिकोनी फटी राहतात आणि प्रत्येक बांगडीची कड तिची एकटीची असते. आता त्या बांगड्या मेणाच्या आहेत असं समजा आणि सगळ्या बाजूंनी दाबा. फटी बुजतात, दोन कडांची मिळून एक भिंत होते आणि मधल्या बांगडीला सहा बाजू येतात. शेजाऱ्याशी भिंत वाटून घेतली की निम्मा माल वाचला.

भिंत वाटून घ्यायची सोय चौकोनातही आहे आणि त्रिकोणातही. फट न ठेवता जमीन भरणारे एकसारख्या बाजूंचे आणि एकसारख्या कोनांचे आकार एवढे तीनच. पण तेवढीच जागा कोंडायला चौकोनाला षटकोनापेक्षा सातेक टक्के जास्त भिंत लागते आणि त्रिकोणाला बावीसेक टक्के. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाने माश्यांच्या या शहाणपणाबद्दल लिहून ठेवलं. मात्र कसल्याही वेड्यावाकड्या आकारांना मुभा दिली तरी षटकोनच सर्वांत काटकसरी ठरतो, याची पक्की सिद्धता यायला १९९९ साल उजाडलं. ती थॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाची.

भिंत किती जाड? युरोपीय माशीच्या पोळ्यात मोजली तर ०.०७ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. अशा भिंतीच्या खणांत किलो-किलो मध राहतो. एक किलो मेणाच्या पोळ्यात बावीसेक किलो मध मावतो, असं गणित सांगतात. खण आडवे असतात, पण तोंडाकडे दहा-बारा अंश वर उचललेले, म्हणजे पातळ मध बाहेर ओघळत नाही. पोळ्याला दोन्ही बाजूंनी खण असतात आणि त्यांची पाठ एकमेकांना लागलेली असते. तीही सरळ पाठीला पाठ नाही. प्रत्येक खणाचा तळ तीन तिरक्या चकत्यांचा असतो आणि मागच्या बाजूच्या तीन वेगवेगळ्या खणांचा एकेक तुकडा त्यात वाटून घेतलेला असतो. या तळाची फार आरती ओवाळली गेली. मग १९६४ साली हंगेरीच्या लास्लो फेयेश टोथ या गणितज्ञाने दाखवून दिलं की याहून किंचित कमी मेणात होणारा तळ शक्य आहे. बचत मात्र इतकी नगण्य की कुठलीही माशी तेवढ्यासाठी बांधकामाची पद्धत बदलणार नाही, आणि बदलू नये असं माझंही मत आहे.

हे बांधतात कसं, ते पाहायला मिळणं कठीण. पाहिलं तरी डोळ्यांना कळत नाही. नव्या जागी आलेला थवा पोटात मध भरून आलेला असतो. छताला काही माश्या लटकतात, त्यांच्या पायांना दुसऱ्या, त्यांच्या पायांना तिसऱ्या. असा झुंबरासारखा घोस तयार होतो आणि तासन्‌तास लोंबत राहतो. बाहेरून बघावं तर आळशीपणाच. आत मात्र मेण सुटत असतं. खवला तयार झाला की माशी मागच्या पायाने तो काढते, पुढच्या पायांकडे देते आणि जबड्यात घेऊन लाळेत मळते. मळण्याआधी तो काचेसारखा ठिसूळ असतो. मळल्यावर पांढरा, मऊ, हवा तसा वळणारा होतो. पुरणपोळीची कणीक तिंबताना हाताला जो फरक कळतो, तोच. आणि कणीक जशी गार पडून चालत नाही तसं मेणही. म्हणून बांधकामाच्या जागी माश्या अंगाच्या उबेने साधारण ३५ अंश राखतात.

भिंत केवढी झाली हे त्या स्पर्शिकांच्या टोकांनी चाचपून ठरवतात. १९६६ साली दोन जर्मन संशोधकांनी माश्यांच्या स्पर्शिकांची टोकं काढून पाहिली, तर भिंतींच्या जाडीचं मापच चुकलं. प्रयोग क्रूर खरा, पण ओळंबा कुठे आहे ते समजलं.

षटकोन माशी ठरवून करते की मेण आपोआप त्या आकाराला येतं, यावर अजून वाद आहे. २०१३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी बांधकाम चालू असतानाच माश्या हुसकावून ताज्या खणांचे फोटो काढले. ते खण गोल होते, थोडे जुने झालेले षटकोनी. त्यांचं म्हणणं असं की माश्यांच्या उबेने मेण वाहतं आणि आपल्या दाबलेल्या बांगड्यांप्रमाणे भिंती ताणून सरळ होतात. त्याच वर्षी जर्मनीत उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहणाऱ्यांना काही वेगळंच दिसलं: मेण वाहण्याइतकं तापतच नाही, भिंती माश्याच खरवडून, दाबून सरळ करतात. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना आणि पोळ्यात असतात ३५. त्यामुळे मला दुसरी बाजू पटते. तरी उबेने मऊ झालेलं मेण गवंड्याला मदत करत असेलच, एवढं पहिल्या बाजूला द्यायला हरकत नाही.

पेटाऱ्यातल्या एका पोळ्याने तर माझा संशय मिटवलाच. वरच्या फळीवर दोन ठिकाणी काम सुरू झालं होतं, पिंपळपानासारखे दोन तुकडे खाली आणि आडवे वाढत गेले आणि मधे येऊन मिळाले. दोन्हीकडच्या रांगा एकमेकींशी जुळत नव्हत्या. सांध्यावर नीट पाहिलं तर कुठे पाच बाजूंचा खण, त्याला लागून सात बाजूंचा, मग पुन्हा सहा-सहा. भिंतीच्या शेवटच्या थरात चिरा फोडून बसवतात तसं. असे सांधे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हजारो खणांची मोजदाद करून तपासले. सांधा यायच्या आधीपासूनच माश्या खणांचा आकार थोडा थोडा बदलत आणतात, असं त्यांना आढळलं. नुसतं वाहणारं मेण पुढचा विचार करणार नाही.

आणि हे काम एकीचं नसतं. चार्ल्स डार्विनने पोळ्याच्या कडेला हिंगूळ मिसळलेलं लाल मेण लावून ठेवलं. काही वेळाने तो लाल रंग भोवतालच्या भिंतींमधून नाजूकपणे पसरलेला दिसला. एकीने ठेवलेलं मेण दुसरी खरवडते, उचलते, तिसरीकडे नेऊन लावते. एक कणही वाया नाही. हे वाचताना मला आजीचा करंडा आठवला. एका खणात मेण, दुसऱ्यात पिंजर. बोटाने मेणाचा ठिपका कपाळावर टेकवायचा आणि त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर उतरत नाही. मेणाला रंग धरून ठेवता येतो हे डार्विनला जितकं उपयोगी पडलं तितकंच आमच्या आजीला. (त्या लहानशा मेणाच्या गोळीत किती खवले असतील याचा हिशेब मी केला नाही.)

घर बांधून झालं की मेणाचं काम संपत नाही. मध आटून घट्ट झाला की खणावर मेणाचं हवाबंद झाकण बसतं. अळी कोषात जायला निघाली की तिच्या खणालाही झाकण, पण ते सच्छिद्र, आत श्वास चालला पाहिजे. सातेरी जातीच्या मधमाशीच्या नरांच्या झाकणाला मधोमध सुईने टोचल्यासारखं एक भोक असतं. पोळं हातात घेतलं की नर ओळखायची ती खूण. राणीचं घर सगळ्यांत निराळं. ते षटकोन नसून भुईमुगाच्या शेंगेसारखं खाली लोंबतं. त्याला मेण सढळ हाताने लागतं, पण तेही पुष्कळसं आजूबाजूच्या खणांवरून खरवडून आणलेलं.

पोळं निरोपही पोचवतं. माशी नाचून फुलांचा पत्ता सांगते हे बऱ्याच जणांना माहीत असतं; पण बंद खोडाच्या काळोखात तो नाच दिसणार कुणाला? तिचं अंग थरथरतं ते खणांच्या कडांमधून शेजारणींच्या पायांना कळतं. शिवाय मेण वास धरून ठेवतं. एका घरच्या माश्यांना तो वास लागतो आणि दारावरच्या पहारेकरणी घरची कोण, परकी कोण, हे ओळखताना त्याचाही आधार घेतात.

पेटाऱ्यातल्या माश्या सातेरी. गोव्यात सातेरी म्हटलं की आधी देवी डोळ्यांपुढे येते, रोयणीच्या म्हणजे वारुळाच्या रूपातली. ही माशीही झाडाच्या ढोलीप्रमाणे रिकाम्या वारुळातही घर करते, म्हणून मला हा नावांचा योगायोग आवडतो. तिच्या शेजारणी मात्र मेणाचा हिशेब आपापल्या परीने सोडवतात. आग्या माशी बंद जागा शोधतच नाही. उंच झाडाच्या फांदीला, पुलाखाली, पणजीतल्या इमारतीच्या छज्जाला तिचं एकच भलंमोठं पोळं, कधी मीटरभर रुंद. वर मधाचा जाड कांदा, म्हणजे फुगीर भाग, खाली पिल्लांचे खण, आणि भोवती भिंत म्हणून स्वतः माश्याच, एकमेकींवर थर देऊन लटकलेल्या. मेण एका पडद्याचं, बाकी घर अंगांचं. पावसाच्या तोंडावर बऱ्याच वसाहती मध पोटात घेऊन निघून जातात आणि रिकामं पोळं फांदीवर राहतं. फुलोरी माशीचं पोळं तळहाताएवढं, झुडपातल्या काडीभोवती बांधलेलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून काडीला दोन्हीकडे चिकट डिंकाचे पट्टे. ती जवळपासच हलली असेल तर जुन्या पोळ्यावर परत येते आणि मेण कुरतडून, परागासारखं पायाला लावून नव्या घरी नेते. दूर गेली असेल तर येत नाही, कारण उडण्याचा खर्च मेणाहून जास्त होतो. हा हिशेब तिला कुणी शिकवला असेल ते असो. जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भोकांत आणि दाराच्या चौकटीत राहणाऱ्या, डंख नसलेल्या चिमुकल्या माश्यांनी आणखी सोपा मार्ग काढला. त्या मेणात झाडाचा डिंक मिसळतात आणि षटकोनाच्या भानगडीत न पडता मधासाठी बारीक मडकी करतात. भिंतीतून बाहेर आलेली चिकट नळी दिसली तर ते त्यांचं दार. नखाने खरवडू नका.

मेण नेहमी पांढरं का राहत नाही? पराग आणि डिंकाचे रंग त्यात उतरतात, आणि प्रत्येक पिल्लू जाताना कोषाचं रेशमी अस्तर भिंतीला चिकटवून जातं. अस्तरावर अस्तर चढतं, पोळं आधी पिवळं, मग तपकिरी, शेवटी काळपट होतं. ते मजबूतही होतं, पण खण अरुंद होत जातो. असं जुनं पोळं म्हणजे मेणपाखराच्या अळ्यांची पंगत. त्यांना नुसतं मेण पुरत नाही, अस्तरं आणि परागही हवे असतात. गोव्यातल्या पावसाळ्यात हे ठरलेलं. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, तेवढी बारमाही, बाकी बाहेर फुलं कमी. मध येत नाही म्हणजे नवं मेण नाही, माश्या कमी पडल्या की रिकाम्या पोळ्यावर पहारा नाही, आणि आत पांढरी जाळी पसरू लागतात. सातेरी जुनी पोळी कुरतडून टाकते, आणि फारच झालं तर सगळं सोडून उडून जाते. मधपाळ म्हणूनच पावसाआधी रिकामी पोळी काढून घेतात. उन्हाळ्याचा धोका वेगळा. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात पेटी ठेवली तर मेण वितळत नाही, पण मऊ पडतं, आणि मधाने जड झालेलं पोळं आपल्याच वजनाने तुटून पडतं. माश्या पाणी आणून पंखांनी वारा घालतात, तरी सावलीसारखं दुसरं काही नाही.

मधपेटीचा शोध कशासाठी लागला तेही यावरून उमगेल. पोळं पिळून मध काढला की माश्यांचं मेण गेलं आणि पिल्लंही गेली. चौकटीतलं पोळं झाकणं कापून मधयंत्रात फिरवलं की मध बाहेर येतो आणि पोळं शाबूत परत देता येतं. काजू मोहरलेला असताना वाचलेलं मेण म्हणजे वाढलेला मध. चौकटीत मेणपत्रा लावून देतात तोही त्यासाठीच: पायाचा नकाशा आणि थोडा माल आपला, पुढचं तुमचं.

कापलेली झाकणं आणि मोडकी पोळी मामी टाकत नाही. फडक्यात बांधून पाण्यात उकळते, कारण थेट आचेवर मेण पेट घेऊ शकतं. कचरा फडक्यात राहतो, मेण वर तरंगतं, आणि रात्रभर निवलं की सकाळी पातेल्यात पिवळी चकती असते. पूर्वी चर्चच्या वेदीवरच्या मेणबत्त्यांना हेच मेण लागायचं. आता बहुतेक मेणबत्त्या पेट्रोलियमपासूनच्या पॅराफिनच्या. ओल्ड गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला नवसाचे मेणाचे हातपाय विकायला असतात, तिथेही माशीचं मेण शोधावं लागेल. नावात तेवढं मेण राहिलं.

पेटाऱ्यातली पोळी मामाने एकेक करून सुरीने सोडवली, चौकटीत उभी बसवली आणि केळीच्या सोपाच्या (खोडाच्या सालीच्या) दोऱ्यांनी बांधली. राणी तिसऱ्या पोळ्यावर सापडली. ते पांढरं पोळं पहिल्यांदा मोडलं, दुसऱ्यांदा नीट बसलं. मामा जरा चिडला, स्वतःवरच. पेटी त्याने काजूच्या सावलीत ठेवली आणि चार दिवस उघडायची नाही म्हणून बजावलं.

चौथ्या दिवशी सकाळी पेटीच्या दारापुढच्या फळीवर सोपाचे बारीक चावलेले तुकडे पडले होते, आणि एक माशी आणखी एक ओढून बाहेर आणत होती. आत चौकटीच्या लाकडापासून जुन्या तपकिरी पोळ्यापर्यंत पांढऱ्या मेणाचा ताजा सांधा होता, बोटभर रुंद. मामाने झाकण लगेच लावलं.